घर कोणाच्या नावावर?



शहाड स्थानकाच्या पुलावर क्षणभर थांबा आणि उल्हासनगर कॅम्प १ च्या दिशेने पाहा. एकीकडे बराकींच्या जागी दाटीवाटीने उभी राहिलेली चार-पाच मजली जुनी घरे दिसतील. त्यांच्या गिलाव्याचे पोपडे निघालेले, गच्च्यांवर पत्रे चढविलेले. दुसरीकडे हिरव्या जाळीत गुंडाळलेले नवे मनोरे दिसतील आणि त्यांच्या माथ्यावर फिरणाऱ्या क्रेन दिसतील. या दोहोंच्या मधल्या फटीत, नाल्याच्या काठाने व रुळांच्या कुंपणालगत, पत्र्याच्या छपरांची एक रांग आहे. त्या रांगेवर निळा झेंडा फडकतो. तो कोणाचा हे तुम्हांस सांगावयास नको.

आमचा तुम्हांस प्रश्न एवढाच आहे: ते मनोरे पुरे होतील तेव्हा तुम्ही कोठे असाल? त्यांत राहावयास गेलेले असाल, त्यांच्या जिन्यांवर झाडू मारीत असाल, की बदलापूर-वांगणीच्याही पलीकडे नवा पत्रा ठोकीत असाल? धर्मांतर करून तुम्ही मन मोकळे केलेत. परंतु मोकळ्या मनाच्या माणसालाही निजावयास छप्पर लागते, आणि ते छप्पर कोणाच्या नावावर आहे यावर त्याच्या मुलांची शाळा, त्याचा शिधा, त्याचे मत आणि त्याची अब्रू ठरते. या विषयाकडे आपल्या सभांत आणि आपल्या पत्रांत जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले जात नाही, म्हणून हा प्रपंच.

उल्हासनगराचा जन्मच मुळी घराच्या प्रश्नातून झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावणी उभारली आणि दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या. ती ये-जा करणाऱ्या सैनिकांची तात्पुरती वस्ती होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून घरदार टाकून आलेली सुमारे एक लाख माणसे या बराकींत आणून ठेवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. छावणीचे पाच भाग मात्र कॅम्प १ ते कॅम्प ५ या लष्करी नावांनीच आजवर ओळखले जातात. त्या निर्वासितांनी जे सोसले ते थोडे नव्हते. एका बराकीत पडदे बांधून अनेक कुटुंबांनी संसार केले, आणि पापड-लोणची विकण्यापासून आरंभ करून त्यांनी एक मोठी बाजारपेठ उभी केली. आम्ही त्यांचा हेवा करीत नाही, आणि तुम्हीही करू नये.

परंतु शासनाने त्यांच्यासाठी काय केले ते नीट ध्यानात घ्या. १९५४ साली विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. त्या कायद्याने सरकारच्या ताब्यातील जागा निर्वासितांच्या नावे करून देण्याची वाट मोकळी झाली. ज्याच्या वहिवाटीत जी खोली वा जो गाळा, त्याची सनद त्याला मिळू लागली. सनद म्हणजे एक कागद. काल ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याला त्या कागदाने जमिनीचा धनी केले. पुढे त्याने बराक पाडून माडी बांधली, माडीवर गाळे काढले, आणि आज त्याच कागदाच्या बळावर तो बांधकाम व्यावसायिकाशी बरोबरीने बसून सौदा करतो. मनोऱ्याचा पाया तुम्हांला काँक्रीटचा दिसतो. त्याच्याही खाली तो कागद आहे.

त्याच काळात या गावात आणखी काही माणसे आली. शहाडचा सेंच्युरी रेयॉन १९५६ साली सुरू झाला; बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेच हे वर्ष. मोहन्याला एनआरसी होती, अंबरनाथला आयुध निर्माणी होती, विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता. गावकीची कामे झुगारून, मेलेली जनावरे ओढण्यास नकार देऊन, आणि त्यापायी बहिष्कार सोसून आपली माणसे मराठवाड्यातून, नगर-नाशिककडून, सातारा आणि खानदेशातून या कारखान्यांच्या आसऱ्याला आली. १९७२ च्या दुष्काळाने आणखी लोटली. त्यांचेही गाव सुटले होते. त्यांनाही मागे परतण्याची सोय नव्हती. निर्वासित या शब्दाचा अर्थ ज्याचे राहण्याचे ठिकाण गेले तो असा असेल, तर तेही निर्वासितच होते. परंतु त्यांच्यासाठी असा कायदा कोणी केला नाही. जी जागा कोणाला नको होती तेथे, म्हणजे वालधुनीच्या काठी, टेकडीच्या उतारावर, कारखान्याच्या भिंतीमागे, त्यांनी आपल्या हातांनी झोपड्या बांधल्या. पन्नास-साठ वर्षे झाली तरी त्यांच्यापैकी अनेकांपाशी सनद नाही.

हे आम्ही नव्याने शोधून काढलेले गाऱ्हाणे नव्हे. १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, तेव्हा ते स्वतः कायदेमंत्री होते. पाकिस्तानातून आलेल्या अस्पृश्य निर्वासितांची कशी उपेक्षा होत आहे हा त्या पत्राचा विषय होता. जे छावणीत राहतील त्यांनाच शिधा मिळेल असा नियम होता. छावण्यांवरचे अधिकारी सवर्ण होते आणि अस्पृश्यांना तेथे थारा मिळत नव्हता. म्हणजे छावणीच्या नोंदवहीत नाव नाही म्हणून शिधा नाही, आणि अस्पृश्य म्हणून नोंदवहीत नाव नाही. या फेऱ्यावर बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले होते. उपाशी माणसाचे दुःख मोठे असतेच, पण नोंदवहीत नसलेल्या माणसाचे दुःख कोणाला दिसतच नाही.

आता पुढचा अध्याय पाहा. उल्हासनगरात मोठमोठ्या इमारती परवानगीवाचून उभ्या राहिल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश झाला. गावात हाहाकार उडाला. आणि २००६ साली विधिमंडळाने केवळ या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. १ जानेवारी २००५ पूर्वीच्या बांधकामांना दंड भरून नियमित होण्याची मुभा मिळाली. त्या इमारतींत पै-पै जमवून घर घेतलेली गरीब माणसेही होती, तेव्हा त्यांचे छप्पर वाचले याचे आम्हांस दुःख नाही. आम्ही फक्त भाषेकडे तुमचे लक्ष वेधतो. पाच मजली इमारत परवानगीवाचून बांधली तर कायद्याने तिला ‘अनधिकृत विकास’ म्हटले. एका खोलीची झोपडी परवानगीवाचून बांधली तर तिचे नाव ‘अतिक्रमण’. एकाला दंडाची पावती मिळते, दुसऱ्याकडे बुलडोझर येतो.

आणि त्या ‘विकासा’चे तरी काय झाले? मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत या गावात दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले. पहिली कॅम्प १ मधील होती. दोहोंत मिळून दहाहून अधिक माणसे दगावली. नव्वदच्या दशकात घाईघाईने आणि निकृष्ट मालाने बांधलेल्या इमारतींची ही गत आहे. त्या पाडून नव्या बांधाव्या लागणार हे उघड आहे. २०११ च्या जनगणनेत अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात ५,०६,०९८ माणसे मोजली गेली. आडवे पसरावयास जागा नाही, तेव्हा शहर उभे वाढणार. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली, तिने उंचीचा मार्ग आणखी मोकळा केला. उंच इमारत हा आपला शत्रू नव्हे. पाण्याचा नळ, स्वतंत्र शौचकूप आणि दाराला आतून कडी असलेले घर आपल्या आयाबहिणींना मिळणार असेल तर ते विसाव्या मजल्यावर असले तरी आम्हांस हवे आहे. झोपडीचे गोडवे गाणारे लेखक झोपडीत राहत नसतात.

तर मग अडते कोठे? अडते ते सहीपाशी.

वस्तीच्या पुनर्वसनाची योजना आली की आधी मध्यस्थ येतो. तो बहुधा आपल्यातलाच असतो, ‘जयभीम’ करीत येतो. निम्म्याहून अधिक झोपडीधारकांच्या संमतीवाचून योजना पुढे सरकत नाही. म्हणून तुमची सही ही या व्यवहारातली सर्वांत मोलाची वस्तू असते. तुम्हांला तिचे मोल ठाऊक नसते, त्याला ते पुरते ठाऊक असते. मुलीचे लग्न ठरलेले असते, घरात आजारपण असते. तो थोडी उचल देतो आणि कोऱ्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. काही जण तर झोपडीचा हक्कच त्याला लिहून देतात आणि त्या पैशांत गावी घराचा स्लॅब टाकतात. दहा वर्षांनी त्या जागी मनोरा उभा राहतो, आणि झोपडी लिहून देणाऱ्याचा मुलगा त्या मनोऱ्याच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा असतो. असे घडल्याचे तुम्ही आपल्या नात्यागोत्यात पाहिले नाही काय?

येथे आम्हांस एक कटू गोष्ट बोलावयाची आहे. ती वाचून काहींना राग येईल, येवो. हल्ली संमतीपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर नव्या विहाराचे रंगीत चित्रही वस्तीत फिरविले जाते. संगमरवरी फरशी, भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा पूर्णाकृती पुतळा, आणि उद्घाटनाला मोठे पाहुणे. हे चित्र पाहून आपली माणसे विरघळतात. घराचे चटई क्षेत्र किती, भाडे किती महिने मिळणार, घरे केव्हा मिळणार, हे विचारावयाचे राहून जाते. विचारणाऱ्यालाच ‘हा धम्माच्या आड येतो’ असे म्हणतात. वाचकहो, ज्या विहाराचा पाया तीनशे कुटुंबांच्या आंधळ्या सह्यांवर घातला जातो त्या विहारात पंचशील कोणत्या तोंडाने म्हणावे? न दिलेले घेऊ नये हे शील फक्त आपल्यासाठी नाही. आपल्याकडून कोणी न दिलेले घेत असेल तर त्याला साहाय्य न करणे हेही त्यातच येते. विहार हवाच. परंतु आधी घरांची यादी, मग करार, मग विहार. क्रम उलटा झाला की फसगत झालीच म्हणून समजा.

कागद असला म्हणजे काय होते याचे उदाहरण मुंबईतच आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे सरकारच्या विकास विभागाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. एकेक खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. तेथे आपल्या माणसांची मोठी वस्ती होती व आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दंगल झाली आणि पँथरच्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या, हेही तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उशीर फार झाला, पुष्कळ म्हातारी माणसे वाट पाहत गेली. परंतु घर मिळाले, ते का मिळाले? त्या लोकांपाशी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भाड्याची पावती होती. सरकारच्या दप्तरी भाडेकरू म्हणून त्यांचे नाव होते. खोली गळत होती, पण पावती कोरडी ठेवलेली होती.

याच्या उलट गत कारखान्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची झाली. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली. कामगार वसाहतीतली घरे कामगारांनी आयुष्यभर सारवली, रंगवली, पण ती त्यांची नव्हती; कारखाना गेला तशी तीही गेली, आणि देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत बसण्याची पाळी आली. धन्याने दिलेले घर हे गावच्या वतनासारखे असते. चाकरी आहे तोवर ते आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आजच पत्र्याची पेटी उघडावी. झोपडीच्या पुनर्वसनासाठी दोन तारखा कळीच्या आहेत. १ जानेवारी २००० पूर्वीपासून जी झोपडी आहे तिच्या धारकाला विनामूल्य घर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला पैसे भरून घर. हे सिद्ध कशाने होते? मतदारयादीतील नाव, जुने वीजबिल, मालमत्ता कराची पावती, शिधापत्रिका, फोटोपास, मुलाचा शाळेचा दाखला यांनी. हे कागद तुमच्यापाशी असतीलही, परंतु ते पावसात भिजतात, उंदीर खातात, भावाभावांच्या भांडणात फाडले जातात. २६ जुलै २००५ च्या पुरात वालधुनीकाठच्या घरांतून भांडीकुंडी वाहून गेली, तशीच कागदपत्रेही वाहून गेली. भांडी पुन्हा घेता आली. त्यांच्या प्रती काढा, एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि तोंडी आश्वासनाला कागद समजू नका.

दुसरी शंका तुमच्यापैकी पुष्कळांच्या, विशेषतः ज्यांनी गेल्या काही वर्षांतच दीक्षा घेतली त्यांच्या मनात असते. बौद्ध म्हणून नोंद केली तर घराच्या सोडतीतला राखीव हक्क जाईल काय? ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्याच ठेवल्या. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेली लाखो माणसे केंद्राच्या सवलतींना मुकली आणि त्यांनी चौतीस वर्षे ती किंमत मोजली. १९९० साली आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही तो हक्क मिळाला. तेव्हा अनुसूचित जातीतून आलेल्या कुटुंबाने घराच्या अर्जासाठी आपला खरा धर्म लपविण्याचे आता काहीच कारण नाही. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे असतात. राज्य शासनाची रमाई आवास योजना २००८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध अशा दोघांसाठी आहे. परंतु पाहा, तेथेही तोच कागद आडवा येतो: घर बांधण्यासाठी अनुदान मिळावयाचे तर पायाखालची जागा किंवा कच्चे घर तुमचे असावे लागते. माता रमाईच्या नावाची योजना आहे, आणि नाल्याकाठच्या रमाबाईला तिचा लाभ नाही, कारण जमीन तिची नाही. ज्यांनी ही अट घातली त्यांना शहरातल्या आपल्या वस्त्या कशा वसल्या हे ठाऊक नसावे, किंवा असावे.

आता ज्यांची नोकरी बरी आहे, मुले शिकलेली आहेत आणि जे मनोऱ्यात घर विकत घेण्याचा विचार करीत आहेत त्यांच्याविषयी. तुम्हांला कर्जाचा हप्ता सांगतात, पण कर्जाची बेरीज सांगत नाहीत. समजा, पंचवीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. दरमहा सुमारे साडेबावीस हजार रुपये हप्ता बसेल आणि वीस वर्षांत जवळजवळ चोपन्न लाख रुपये तुमच्या घरातून जातील. त्याशिवाय उद्वाहन, पंप, पहारेकरी आणि जिन्यातले दिवे यांचा देखभाल खर्च दरमहा वेगळा. एकाच्या पगारावर उभा असलेला संसार त्या पगारात खंड पडला की तिसऱ्या महिन्यास डगमगतो. मनोऱ्यात घर घेणे वाईट नाही. मुलाच्या शिक्षणाचा पैसा मोडून घेतलेले घर मात्र बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणारे नाही. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले आणि आधी ग्रंथ जमविले. राजगृह त्यानंतर झाले, आणि तेही ग्रंथांसाठी झाले.

घर घेण्यापूर्वी महारेरात नोंद आहे की नाही ते पाहतात, पाहावेच. १ मे २०१७ पासून हा कायदा राज्यात लागू आहे, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्यास बांधकाम व्यावसायिकाला त्याने मनाई केली आहे. परंतु तेवढ्यावर विसंबू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानगीच्या आधारे रेराची नोंदणी मिळाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी बँकेचे कर्ज काढले होते, मुद्रांक शुल्क भरले होते, करार नोंदविले होते. त्यांची एवढीच चूक की परवानगीचा मूळ कागद खरा आहे काय हे त्यांनी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन स्वतः विचारले नाही. हे विचारावयास पैसे लागत नाहीत. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती पडल्यावाचून किल्ली मिळाली म्हणून पेढे वाटू नयेत.

आडनावाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. जुन्या गावात वेशीबाहेरची वस्ती असे. नव्या शहरात वेस दिसत नाही, पण घर भाड्याने मागावयास गेले की आडनाव विचारतात, ते पुरेसे कळले नाही तर गाव विचारतात, आणि मग ‘आमच्याकडे शाकाहारीच हवेत’ असे सांगतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते असा निकाल दिला. निकाल पारशांच्या संस्थेचा होता. त्याची सावली कोणावर पडते हे आपणांस कळते. सिंगापूरसारख्या लहान देशाने १९६० पासून सरकारी गृहमंडळामार्फत घरे बांधली, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत निरनिराळ्या वंशांच्या लोकांचे प्रमाण ठरवून दिले, म्हणजे कोणाची वेगळी वाडी होऊ नये. तेथील सगळेच अनुकरणीय आहे असे नव्हे. परंतु शेजारी कोण असावा हे पैशावर आणि पूर्वग्रहावर सोडले तर काय होते, हे त्या राज्यकर्त्यांना समजले होते.

आपल्याकडे याला उत्तर आहे, ते आपण वापरीत नाही. वस्तीतील कुटुंबांनी एकेकट्याने सही न करता आधी आपली गृहनिर्माण संस्था नोंदवावी, तिच्या सभेत प्रस्ताव वाचून घ्यावा, मराठीत वाचून घ्यावा, आणि ठराव करूनच पुढे जावे. संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. संघ चीवरधारींचा आहे हे खरे. परंतु एकत्र बसून, वादविवाद करून निर्णय घेण्याची संघाची रीत गृहस्थांनी उचलावयास कोणाची हरकत आहे? ज्या वस्तीत चार गट आणि चार जयंतीमंडळे असतात तेथे मध्यस्थाला चार दारे उघडी मिळतात. जयंतीची वर्गणी गोळा करणारी तीच तरुण पोरे घरोघर जाऊन कागदांची यादी करू लागली तर एका पंधरवड्यात काम होईल.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. घर कोणाच्या नावावर? आपल्या बहुतेक घरांत ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल रखडले हे होते, आणि त्या बिलाच्या गाभ्याशी स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क होता. पुढे १९५६ साली झालेला वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला. म्हणजे कायद्याने जे दिले ते आपल्याच घरांत अडलेले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावे असा नियम आहे; पंतप्रधान आवास योजनेतही घर स्त्रीच्या नावे किंवा तिच्यासह असावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तरीही अर्ज भरताना ‘तिचे नाव कशाला, उगाच भानगड’ असे म्हणणारे पंचशील घेतलेले गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. दारूच्या उधारीपायी झोपडीचा हक्क लिहून देणारा नवरा असतो. दोन नावांच्या कागदावर त्याला एकट्याने सही करता येत नाही.

सर्वेक्षण करणारे लोक दुपारी येतात. पुरुष कामावर गेलेले असतात. दारात जी उभी असते तिला ‘मालकांना बोलवा’ असे सांगून ते पुढच्या दाराकडे वळतात, आणि संध्याकाळी यादीत ते घर ‘बंद’ म्हणून नोंदले जाते. भगिनींनो, त्या वेळी दार लावून घेऊ नका. आपले नाव, वडिलांचे आणि नवऱ्याचे नाव, झोपडी केव्हापासूनची ते सांगा. लिहिले ते वाचून दाखवा असे म्हणा. नोंदीचा क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घ्या आणि खाली तारीख घाला. वाचता येत नसेल तर शेजारच्या मुलीला बोलवा. तिने शाळा बुडवली त्या दिवशी तरी चालेल.